यादी घरी, खरेदी लॅमिंग्टन रोडला: गेमिंग आणि एडिटिंगसाठी डेस्कटॉप कसा आखायचा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातल्या पहिल्याच दुकानात “गेमिंगसाठी पीसी हवाय, थोडं एडिटिंगही करतो, बजेट एक लाख” एवढं म्हटलंत की पाच मिनिटांत कोटेशन हातात पडतं. त्यात प्रोसेसरचं नाव ठसठशीत असतं, ग्राफिक कार्डाचं अर्धवट, आणि एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) रकान्यात नुसतं ‘६५० वॉट’. दुकानदार फसवतोच असं नाही. पण तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर चालवता, मॉनिटर कोणता घेणार आहात, घरात अर्थिंग आहे का, हे त्याला माहीत नसतं. मग त्या आठवड्यात त्याच्याकडे जो माल पडलाय त्याचंच कोटेशन बनतं.

म्हणून यादी घरी बसून पक्की करायची आणि दुकानात फक्त भाव विचारायचा. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. प्रोसेसरपासून सुरुवात केली की शेवटी एसएमपीएस आणि मॉनिटरसाठी पैसे उरत नाहीत, आणि पुढे त्रास देतात ते नेमके हेच दोन भाग.

१. आधी काम लिहा, मग मॉनिटर ठरवा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणते गेम, कोणती सॉफ्टवेअर, आणि फुटेज किंवा फायली कुठून येतात. ‘एडिटिंग’ हा शब्द पुरेसा नाही, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या भागावर भार टाकतं.

आफ्टर इफेक्ट्स रॅम खातं. डाव्हिन्ची रिझॉल्व्हला ग्राफिक कार्ड आणि त्यावरची मेमरी लागते. प्रीमिअरमध्ये टाइमलाइन अडखळते ती बहुधा व्हिडिओचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) उलगडताना. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये (चित्र तयार करणाऱ्या इंजिनात) रेंडरचा वेळ जवळजवळ पूर्ण कार्डावर ठरतो, आणि तिथे एनव्हीडियाच्या कार्डांचं ऑप्टिक्स हे रेंडर तंत्र अजूनही पुढे आहे. फोटोशॉपला महागड्या कार्डाचा फारसा उपयोग नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये फ्रेम्स प्रोसेसरपाशी अडतात, तर मोठ्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये कार्डापाशी.

आता मॉनिटर. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख, ४के वर ८२.९ लाख. कार्डाला दर फ्रेमला एवढे पिक्सेल रंगवायचे असतात, त्यामुळे मॉनिटर ठरल्याशिवाय कार्ड निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल घेणं. गेमिंग आणि एडिटिंग दोन्ही करायचं असेल तर २७ इंची, १४४०पी, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ किंवा जास्त, हा सगळ्यात कमी पस्तावा देणारा पर्याय. मुंबईतल्या घरांत टेबलाची खोली बहुतेक वेळा दोन फूट असते. त्या अंतरावर ३२ इंची पडदा मान फिरवून बघावा लागतो.

रंगांचं काम असेल तर खोक्यावरच्या ‘१.०७ अब्ज रंग’ या ओळीकडे दुर्लक्ष करा आणि स्पेसिफिकेशनमध्ये एसआरजीबी १०० टक्के आणि डीसीआय-पी३ किती टक्के (पडदा किती रंग दाखवतो याची ही दोन मापं) ते पाहा. वेब आणि यूट्यूबसाठी पहिलं पुरे. दुसरं ९५ च्या आसपास असेल तर चांगलंच, पण मग मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड असायलाच हवा, नाहीतर तुम्हाला भडक दिसलेले रंग ग्राहकाच्या फोनवर फिके पडतील.

२. घर तपासा: प्लग, अर्थिंग, जागा

ही पायरी कुणी करत नाही. एक दुपार पुरते.

साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टने १३८० वॉट मिळतात. या लेखातला कोणताही पीसी, मॉनिटर धरून, त्यात आरामात बसतो. अडचण असते ती अर्थिंगची. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत तिसऱ्या भोकात तारच नसते. तेव्हा एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर थोडं व्होल्टेज येतं आणि हात लावला की झिणझिण्या येतात. ‘गेमिंग पीसीला करंट येतोच’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मल्टिमीटरने मोजा, जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. फेज-अर्थ खूप कमी दाखवत असेल तर अर्थिंग नाही. इथे एक जीवघेणा शॉर्टकट सर्रास केला जातो: प्लगमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणं. मीटरवर सगळं ठीक दिसतं, पण न्यूट्रल कुठे तुटली की अख्खं कॅबिनेट फेजवर येतं. मीटर बॉक्सपासून खरी अर्थची तार ओढून घ्या.

जागेचं म्हणाल तर सुताराने स्टडी टेबलात केलेला ‘सीपीयूचा कप्पा’ विसरा. तीन बाजूंनी बंद, मागे भिंत, पुढे दार. त्यात तीच गरम हवा फिरत राहते. खोलीत ३३ अंश असले तर कप्प्यात ४० च्या वर जातं, आणि बाहेरची हवा जितकी तापते जवळजवळ तितकेच आतले भाग तापतात. कॅबिनेट टेबलावर किंवा टेबलाशेजारी चार इंच उंच स्टँडवर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. वरळी, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरात खिडकीला लागून ठेवू नका. खारी हवा आधी स्क्रू आणि मागची पोर्टं गंजवते, मग पंखे आवाज करू लागतात.

कॅबिनेट ठेवायच्या जागेची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

३. ग्राफिक कार्ड

टॉवरच्या (म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस वगळून) बजेटचा साधारण ३५ ते ४० टक्के भाग इथे जाऊ द्या. फक्त फोटो आणि मोशन ग्राफिक्स असतील तर २५ टक्क्यांत भागतं.

कार्डावरची मेमरी म्हणजे व्हीरॅम नंतर वाढवता येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या पिढीत ८ जीबी १०८०पी गेमिंगपुरते ठीक आहेत. १४४०पी, रिझॉल्व्ह किंवा ब्लेंडर असेल तर १२ किमान, १६ बरे. ब्लेंडरचा सीन व्हीरॅममध्ये मावला नाही तर रेंडर रांगतं किंवा चूक दाखवून थांबतं. तिथे कार्ड कितीही वेगवान असलं तरी काही चालत नाही.

सापळा: एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. नाव तेच, खोकंही जवळपास तसंच. कोटेशनवर ‘५०६० टीआय’ एवढंच लिहिलं असेल तर ते ८ जीबीचं आहे असं समजा आणि ‘१६ जीबी’ हे शब्द लिहून घ्या.

ढोबळ मानाने सांगायचं तर १४४०पी गेमिंग अधिक ब्लेंडरसाठी आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी हे पहिलं शहाणं कार्ड. आरटीएक्स ५०७० गेममध्ये बरंच पुढे आहे, पण त्यावर १२ जीबीच आहेत. थ्रीडी करणाऱ्याने ही अदलाबदल डोळे उघडे ठेवून करावी. फक्त गेमिंग असेल तर एएमडीची आरएक्स ९०७० आणि ९०७० एक्सटी, दोन्ही १६ जीबी, पैशाला चांगली फ्रेम देतात.

कार्डाची लांबी, जाडी आणि वॉट लिहून ठेवा. पुढे लागतील. ५०६० टीआय १८० वॉट, ५०७० २५० वॉट, ९०७० एक्सटी ३०४ वॉट.

४. प्रोसेसर आणि मदरबोर्ड

हे दोन एकत्रच निवडायचे, कारण सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो तो साचा) जुळला नाही तर प्रोसेसर बसतच नाही.

आज नवीन घेताना एएमडीचा एएम५ सॉकेट हा सरळ रस्ता आहे. तो २०२२ मध्ये आला, फक्त डीडीआर५ रॅम घेतो, आणि पुढच्या पिढ्याही यावर येतील असं एएमडीने २०२७ पर्यंतचं आश्वासन दिलंय. गेमिंग आणि हलक्या एडिटिंगला सहा कोरचा रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स पुरतो. आठ कोरचा ९७००एक्स दोन्ही कामांचा तोल सांभाळतो. नावात एक्स३डी असलेल्या प्रोसेसरांवर जादा कॅशे असते. स्पर्धात्मक गेममध्ये ती जाणवते, एडिटिंगमध्ये नाही. एडिटरने त्या पैशांत जास्त कोर घ्यावेत.

इंटेल कधी? तुमचा कॅमेरा एच.२६५ कोडेकमध्ये १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं फुटेज) रेकॉर्ड करत असेल तेव्हा. लग्नाचं आणि इव्हेंटचं शूटिंग करणारे बरेच जण अशाच मिररलेस कॅमेऱ्यांवर काम करतात. हे फुटेज रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला आणि आरटीएक्स ४० पर्यंतच्या कार्डांना हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. सगळा भार प्रोसेसरच्या कोरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्सला, म्हणजे क्विक सिंकला, ते जमतं. एनव्हीडियाने ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत आणली. तेव्हा कार्ड आरटीएक्स ५० चं घेणार असाल तर निव्वळ याच कारणासाठी इंटेलकडे जायची गरज उरत नाही. फोनचं फुटेज ४:२:० असतं. तिथे हा प्रश्नच येत नाही.

सापळा: इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाहीत, म्हणजे क्विक सिंकही नाही. दुकानात तो हजार-दोन हजारांनी स्वस्त म्हणून पुढे केला जातो. एडिटरसाठी तो स्वस्त पडत नाही. शिवाय कार्ड कधी बिघडलं तर एफवाल्या मशीनवर पडद्यावर काहीच येत नाही.

जुना माल घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये बायोसच्या (मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटने तो आवरला गेला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. अपडेटशिवाय वर्षभर चाललेला आय७ किंवा आय९ सेकंडहँडमध्ये घेऊ नका.

मदरबोर्ड एएम५ साठी बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा बघा. झगमगाटावर पैसे घालू नका. चार गोष्टी मोजा: व्होल्टेज रेग्युलेटरवर हीटसिंक आहे का, एम.२ स्लॉट (एसएसडीच्या खाचा) किती, मागे यूएसबी पोर्ट किती, आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. शेवटचं का? रायझन ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्याआधी बनून दुकानात पडलेला बी६५० बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही. फ्लॅशबॅक असेल तर पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो. नसेल तर दुकानदाराकडून अपडेट करूनच बोर्ड घ्या.

बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून स्टोरेजचं पान वाचा. काही बोर्डांत दुसरा किंवा तिसरा एम.२ स्लॉट भरला की सॅटा पोर्ट (हार्ड डिस्कची) बंद पडतात किंवा कार्डाच्या लेन (डेटाच्या वाटा) कमी होतात. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

५. रॅम आणि एसएसडी

२०२५ च्या शेवटाकडे एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे आणि पाठोपाठ एसएसडीचे भाव उसळले. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून काढलेलं बजेट इथे हमखास चुकतं. कोटेशनमधली रॅमची किंमत त्याच दिवसाची धरा.

गेमिंग आणि १०८०पी एडिटिंगला ३२ जीबी, म्हणजे १६ च्या दोन पट्ट्या. आफ्टर इफेक्ट्स किंवा जड ४के काम असेल तर ६४, म्हणजे ३२ च्या दोन. ‘आत्ता एक पट्टी, नंतर दुसरी’ हा हिशेब दोन कारणांनी फसतो. एका पट्टीवर सिंगल चॅनेल चालतो आणि बऱ्याच गेममध्ये फ्रेम्स दिसतील इतक्या घसरतात. आणि नंतर घेतलेल्या पट्टीतली चिप वेगळी निघाली तर दोन्ही ठरलेल्या वेगावर टिकत नाहीत. चार पट्ट्या तर एएम५ वर टाळाच. तिथे एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० वर येते.

एएम५ साठी ६००० वेगाची, सीएल३० ची (हा आकडा उशिराचा, कमी तो बरा) किट हा रुळलेला मेळ. सीएल३६ बरीच स्वस्त मिळत असेल तर तीच घ्या, फरक शोधत बसावं लागेल.

एसएसडी एनव्हीएमई, पीसीआयई ४.० ची, म्हणजे चौथ्या पिढीची. पाचव्या पिढीच्या एसएसडी जास्त तापतात आणि गेममध्ये फरक नगण्य आहे, तेव्हा मुंबईच्या उकाड्यात तो खर्च कशाला? मेमरी चिप क्यूएलसीपेक्षा टीएलसी प्रकारची पाहा, कारण मोठं फुटेज ओतताना क्यूएलसीची कॅशे भरली की वेग धाडकन पडतो. आकाराचा अंदाज असा: १०० मेगाबिट प्रति सेकंदाचं ४के फुटेज तासाला ४५ जीबी होतं. एका लग्नाचे दोन कॅमेरे, सहा-सहा तास, म्हणजे ५४० जीबी. विंडोज आणि गेमसाठी १ टीबी, चालू प्रोजेक्टसाठी वेगळी १ किंवा २ टीबी, आणि झालेलं काम साध्या हार्ड डिस्कवर दोन प्रतींत.

६. एसएमपीएस आणि यूपीएस

बेरीज करा. प्रोसेसरचा जास्तीत जास्त भार (६५ वॉटच्या रायझनचा प्रत्यक्षात ८८ वॉट), कार्ड, आणि बाकी सगळ्याला ६०. रायझन ७६०० आणि ५०६० टीआयचे ८८ + १८० + ६० = ३२८ वॉट. ९७००एक्स आणि ५०७० चे जवळपास ४००. कार्ड क्षणभर छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, म्हणून पहिल्याला ५५० ते ६५०, दुसऱ्याला ६५० ते ७५० वॉट. १००० वॉटचा घेऊन उपयोग नाही.

‘८० प्लस गोल्ड’ म्हणजे वीज किती कमी वाया जाते एवढंच. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो वेळेत बंद पडतो का, हे त्यातून कळत नाही. म्हणून कंपनी आणि मॉडेल दोन्ही पाहा, आणि वॉरंटी पाच वर्षं किंवा जास्त असलेलाच घ्या. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ येणारा एसएमपीएस कार्ड असलेल्या मशीनला लावू नका. तो जाताना एकटा जात नाही.

नव्या कार्डांवरच्या १६ पिनांच्या कनेक्टरसाठी एटीएक्स ३.१ चा एसएमपीएस घेतला की अडॅप्टर लागत नाही. हा कनेक्टर पूर्ण आत गेला नाही तर तापून वितळतो, तशी प्रकरणं घडली आहेत. दाबून बसवा, मग ओढून पाहा, आणि कनेक्टरला लागूनच केबल वाकवू नका.

सापळा: मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या दुसऱ्याला लावू नका, अगदी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही नाही. टोकं बसतात, पण पिनांची जुळणी वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की ड्राइव्ह तिथल्या तिथे मरतात.

यूपीएस बारा तास चालवायला नाही, काम सेव्ह करून बंद करायला घ्यायचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. रेंडर चालू असताना वीज गेली तर तो ओव्हरलोड होऊन मशीनसकट बंद पडेल. वरच्या मशीनांना १००० ते ११०० व्हीए, वॉटचा आकडा ६०० च्या पुढे, असा बघा. शहरात बेस्टच्या भागात वीज क्वचितच जाते, तिथे चांगल्या स्पाइक बस्टरवर सुरुवात केली तरी चालेल. वसई-विरार किंवा कल्याण-डोंबिवलीच्या पुढे पावसाळ्यात यूपीएसशिवाय रेंडर लावणं म्हणजे जुगार.

बिलाची काळजी असेल तर: ५०० वॉट, रोज चार तास, म्हणजे दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०.

७. कॅबिनेट आणि कूलर

पुढे जाळी, मागे एक पंखा, पुढून दोन आत. बस. पुढे अख्खी काच असलेलं कॅबिनेट शोकेसमध्ये देखणं दिसतं, पण त्यात हवा फटीतून शिरते. धुळीची जाळी काढून धुता येईल अशी हवी, कारण रस्त्यालगतच्या घरात ती दर महिन्या-दोन महिन्यांनी धुवावीच लागते.

६५ वॉटच्या प्रोसेसरला चांगला टॉवर एअर कूलर पुरतो. पाण्याचा कूलर १२५ वॉट आणि वरच्या प्रोसेसरांसाठी. त्यातला पंप कधीतरी बंद पडतोच, एअर कूलरचा फक्त पंखा बदलावा लागतो.

आता पायरी ३ मधली मापं काढा. कार्डाची लांबी कॅबिनेटच्या मर्यादेपेक्षा २० मिमी तरी कमी हवी, कूलरची उंची (टॉवर कूलर बहुधा १५० ते १६५ मिमी) कॅबिनेटच्या छापील उंचीत बसायला हवी. मदरबोर्ड एटीएक्स असेल तर ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४. जागा कमी असेल तर मायक्रो-एटीएक्सवर थांबा. मिनी-आयटीएक्स सुंदर असतं, पण पहिल्यांदा जोडणाऱ्याच्या बोटांची आणि खिशाची परीक्षा घेतं.

८. लॅमिंग्टन रोड: भाव, बिल, वॉरंटी

रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकानं उघडून स्थिरावली की जा.

सोबत न्यायचं:

- यादीच्या तीन प्रती, प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून, आणि प्रत्येकाला एक पर्याय
- त्याच दिवशीचे ऑनलाइन भाव, तुलनेसाठी
- धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक
- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह
- फोन चार्ज केलेला. खोकी उघडतानाचे फोटो काढायचे आहेत

तीन दुकानांतून कोटेशन घ्या आणि एकूण रकमेची नव्हे, ओळीओळीची तुलना करा. प्रोसेसर एका ठिकाणी स्वस्त आणि एसएमपीएस दुसऱ्या, असं जवळजवळ नेहमीच होतं. तरी दोनपेक्षा जास्त दुकानांत खरेदी विभागू नका, कारण पुढे मशीन चालू झालं नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

‘बिलाशिवाय इतके, बिलासकट इतके’ असं ऐकायला मिळेल. कच्चं बिल घेऊ नका. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्याच्या नादात तीन वर्षांची वॉरंटी वाऱ्यावर जाते. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरिअल नंबर हवा. फ्रीलान्सर नेहमीच्या पद्धतीने जीएसटीत नोंदलेले असतील तर बिलावर तुमचा क्रमांक घालून घ्या, धंद्याच्या वापरापुरता इनपुट क्रेडिट मिळतो.

तीन प्रश्न विचारायचेच. वॉरंटी भारतातली, कंपनीची आहे की फक्त दुकानाची? प्रोसेसर खोकाबंद आहे की ट्रे (खोक्याशिवाय सुटा)? ट्रेमधल्या प्रोसेसरला कंपनीची किरकोळ वॉरंटी मिळत नाही, सगळं दुकानदाराच्या शब्दावर. आणि भाग पहिल्याच आठवड्यात मेला तर दुकान बदलून देणार की सर्व्हिस सेंटरला पाठवणार? जे उत्तर येईल ते बिलावर लिहून घ्या. तक्रार अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

एक तपासणी काउंटरवरच करा: मदरबोर्डाच्या सॉकेटवरची काळी टोपी उघडायला लावा आणि पिनांचा फोटो काढा. आता पिना प्रोसेसरला नाही, बोर्डाला असतात. एक वाकलेली निघाली आणि तुम्ही दुकानाबाहेर पडलेले असाल, तर ती तुम्हीच वाकवली.

जोडून घेतलेलं मशीन न्यायचं असेल तर ग्राफिक कार्ड काढून वेगळं खोक्यात घाला. जड कार्ड खड्ड्यांत हिंदकळून स्लॉट मोडतं. टॉवर आडवा, बोर्ड खाली येईल असा ठेवा. शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच करावी लागते. संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये २७ इंची मॉनिटर घेऊन चढायचा विचारही करू नका. पावसाळ्यात दुकानातूनच जाड प्लास्टिक गुंडाळून घ्या.

९. जोडणी आणि पहिले दोन दिवस

लागेल ते: चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, केबल टाय, स्क्रूंसाठी वाटी, आणि पंख्याखाली नसलेलं लाकडी टेबल. मुंबईच्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी, एसी चालू असेल तर थोडा वाढतो. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहिलात तरी पुरे.

प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बोर्डावर आधी बाहेरच बसवा. दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कूलरच्या तळावरची प्लास्टिकची फिल्म काढा. ती तशीच राहिल्याने तापणाऱ्या मशीनांची संख्या लाजिरवाणी आहे.

पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ मशीन काही मिनिटं काळा पडदा दाखवतं. रॅमची जुळणी चाललेली असते. बटण दाबून बंद करू नका, चहा करा. १५ मिनिटांनंतरही काही नसेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना ते आधी पाहा.

मग क्रमाने:

१. बायोस अपडेट करा, मग रॅमचं एक्स्पो (इंटेलवर एक्सएमपी) चालू करा. नाहीतर ६००० चे पैसे देऊन ४८०० वर चालवाल.
२. मेमटेस्ट८६ या रॅमच्या चाचणीचे चार फेरे रात्रभर. एकही चूक आली तर किट बदलून मागा.
३. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्हवर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सोयी) चालू ठेवा. व्हॅलोरंट विंडोज ११ वर त्याशिवाय उघडत नाही. तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ओरिजनल की’च्या वाटेला जाऊ नका.
४. डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ बदला. १८० हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे कमी नाहीत.
५. एसी बंद, दुपारची वेळ, सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी) अर्धा तास आणि मग एखादा जड गेम तासभर. एचडब्ल्यूइन्फो उघडून तापमान पाहा. कार्ड ८० च्या आत राहिलं तर निश्चिंत. प्रोसेसर सुरुवातीलाच ९५ ला टेकला आणि वेग पडला तर कूलर नीट बसलेला नाही.
६. मॉनिटरवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून मेलेले पिक्सेल शोधा. बदलून मिळण्याची मुदत चालू असेपर्यंतच याला अर्थ आहे.

खोकी माळ्यावर चढवताना मॉनिटर आणि कार्डाची ठेवा, बाकीची रद्दीत गेली तरी चालतील. सीरिअल नंबराचे स्टिकर मात्र कापून बिलासोबत ठेवा. आणि मदरबोर्डाच्या सॉकेटवरची ती काळी टोपी एका पाकिटात घालून त्याच बिलाला टाचा. बोर्ड वॉरंटीत पाठवताना टोपी नसेल तर पिना वाटेत वाकतात आणि सर्व्हिस सेंटरवाले बोर्ड हातात घ्यायलाच नकार देतात.